मिथेन

मिथेन : अल्केन श्रेणीतील पहिले व सर्वांत साधे हायड्रोकार्बन संयुग. याच्या रेणूत कार्बनाचा एक व हायड्रोजनाचे चार अणू असतात. दलदलीतून बुडबुड्यांच्या रूपाने बाहेर पडत असल्याने यास ‘दलदल वायू’ असेही म्हणतात. १७७६ मध्ये आलेस्सांद्रो व्होल्टा यांनी इटलीतील माज्जोरे सरोवराच्या काठी तो गोळा करून अभ्यासिला.

गुणधर्म : मिथेन हा रंगहीन, वासहीन व हवेपेक्षा हलका वायू असून त्याचा उकळबिंदू −१६१·५° से. आहे. तो फिकट निळ्या ज्योतीने जळतो. हवेत त्याचे प्रमाण घनफळाने सुमारे ५ ते १५ टक्के असल्यास मिश्रण स्फोटक बनते.

आढळ व उत्पादन : नैसर्गिक वायूचा हा प्रमुख घटक होय. (घरगुती सिलिंडरमधील वायू याहून वेगळा असून त्यात मुख्यतः प्रोपेन व ब्यूटेन असतात.) महाराष्ट्राच्या किनाऱ्यापलीकडे, समुद्रातील मुंबई हाय क्षेत्रात (शोध १९७४) तो खनिज तेलाबरोबर मिळतो. धाराशिव (पूर्वीचे उस्मानाबाद) जिल्हा मात्र दख्खनच्या बेसाल्ट खडकाने व्यापलेला असून खनिज वायू हे तेथील साधन नव्हे. अशा प्रदेशात मिथेन मिळविण्याचा मार्ग म्हणजे गोबर वायू.

हवाबंद टाकीत शेण कुजत असता सूक्ष्मजंतूंच्या क्रियेने जो वायू निघतो, त्यात सुमारे ५५ ते ६५ टक्के मिथेन व उरलेला बहुतांशी कार्बन डाय-ऑक्साइड असतो. मुंबईत माटुंगा येथील कुष्ठरुग्णालयात १८९७ मध्ये मैल्यापासून असा वायू मिळविण्यात आला होता. पुढे १९६० नंतरच्या दशकात खादी व ग्रामोद्योग आयोगाने तरंगत्या टोपीच्या संयंत्राचा ग्रामीण भागात प्रसार केला. गोवऱ्या जाळल्यास शेणातील नायट्रोजन वाया जातो व चुलीपाशी धूर होतो. संयंत्रात इंधन मिळून खतही शिल्लक राहते.

मर्यादा : दररोज २ घ. मी. वायू मिळण्यास सुमारे ५० किग्रॅ. शेण, म्हणजे चार-पाच जनावरे, आणि जवळजवळ तितकेच पाणी लागते. धाराशिवसारख्या अवर्षणप्रवण जिल्ह्यात खरी अडचण येथेच आहे. टंचाईच्या काळात पाणी आटते, जनावरे विकावी वा चारा छावणीत न्यावी लागतात आणि संयंत्र बंद पडते.

पर्यावरणीय महत्त्व : न जळता वातावरणात मिसळलेला मिथेन शंभर वर्षांच्या कालावधीत तितक्याच वजनाच्या कार्बन डाय-ऑक्साइडाच्या सुमारे २८ पट उष्णता रोखून धरतो. त्यामुळे हा वायू वापरण्याइतकेच त्याची गळती रोखणेही महत्त्वाचे ठरते.