काचेवरची बाई

कॅरोलिन लीफ यांची ‘द स्ट्रीट’ ही १९७६ची कॅनडातली छोटी फिल्म पाहिली आणि तिच्यातली मरणाला टेकलेली आजी डोक्यातून जाईना. काचेवर ओला रंग, त्यातच बोटांनी चित्र बदलायचं, कॅमेऱ्याने टिपायचं, पुन्हा बदलायचं. नवं चित्र हवं तर जुनं मोडावंच लागतं. पुण्यात एक तरुण मुलगी याच पद्धतीने एका बाईचं जन्मापासून म्हातारपणापर्यंतचं आयुष्य चितारतेय असं कळलं, आणि मी तिच्या खोलीवर गेले.

खोलीत जवसाच्या तेलाचा वास कोंडला होता. तेलरंग लवकर वाळत नाही, म्हणून तोच वापरायचा. खाली दिवा, वर काच, त्यावर कॅमेरा, खिडकीला काळा कागद.

“सेकंदाला बारा,” ती म्हणाली. पडद्यावर सेकंदाला चोवीस फ्रेम, प्रत्येक चित्र दोनदा टिपायचं, म्हणून बारा. मिनिटाला ७२०. अलेक्सांद्र पेत्रोव यांच्या १९९९च्या ‘द ओल्ड मॅन अँड द सी’मध्ये अशी २९ हजारांवर चित्रं आहेत, आणि फिल्म अवघी वीस मिनिटांची.

काचेवर तेव्हा दोन वेण्यांची मुलगी होती. चित्रकर्तीने इअरबडने एका वेणीचा रंग मानेकडे किंचित ओढला, टिपलं, पुन्हा ओढला. बऱ्याच वेळाने वेण्यांचा अंबाडा झाला. लगेच चालवून पाहिलं, तर दीड सेकंद. वेण्यांच्या जागी तपकिरी डाग राहिला होता. मी तो दाखवला.

“राहू दे. पूर्ण पुसलं तर ती वेगळीच बाई वाटते.”

हे सगळं संगणकावर कर, असं तिला पुष्कळांनी सांगितलंय. मला ते पटत नाही. तिथे लहानपण वेगळ्या फाइलीत जसंच्या तसं राहतं. इथे त्या मुलीचाच रंग चाळिशीच्या बाईच्या गालात उतरतो.

नवरा जातो तो प्रसंग अजून व्हायचा होता. भिंतीवरच्या स्टोरीबोर्डात मात्र त्यानंतरही बाईच्या कपाळावर कुंकू होतं. “बाकी सगळं पुसते, हे नाही पुसणार.” तिच्या आजीचं पुसलं गेलं होतं. हेरवाडच्या ग्रामपंचायतीने २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला, तेव्हा आजी हयात नव्हती. त्या प्रसंगाला तिने दहा सेकंद राखलेत. सेकंदाला बारा, म्हणजे एकशे वीस चित्रं. कपाळाचा रंग हलला की कुंकू पसरणार, म्हणून ते प्रत्येक चित्रात नव्याने लावायचं.