बाळसे आणि वजनाचा काटा

तान्हे मूल दिसामासाने वाढते असे म्हणण्याचा प्रघात आहे. प्रत्यक्षात ते ग्रॅमाग्रॅमाने वाढत असते, आणि ती वाढ मंदावली की घरात चिंता शिरते. “अजून बाळसे धरले नाही हो!” एवढे वाक्य कानी पडले की बाळंतिणीची उरलीसुरली झोपही उडते. ही चिंता केव्हा खरी आणि केव्हा व्यर्थ, हे ओळखण्याची रीत अवघड नाही; परंतु ती कोणी सावकाशपणे समजावून दिलेली नसते.

उलव्यासारख्या नव्या वसाहतीत ही अडचण विशेष जाणवते. एके काळी शेते, खाजणे आणि आगरी-कोळी मंडळींची गावे असलेल्या या भागात सिडकोच्या आखणीप्रमाणे नगर उभे राहिले. २०१८ च्या नोव्हेंबरात खारकोपरपर्यंत रेल्वे आली, २०२४ च्या जानेवारीत अटल सेतू खुला झाला, आणि नोकरदार तरुण जोडप्यांची बिऱ्हाडे वाढली. सासर साताऱ्याकडे, माहेर कोकणात. बाळंतपणासाठी आलेली आजी दीड-दोन महिन्यांनी परतते, आणि मागे उरतो तो दूरध्वनीवरचा सल्ला व शेजारचे मूल. मग ते शेजारचे मूल हेच घरातले माप होऊन बसते. हे माप मात्र खोटे आहे.

समजा, एकाच मजल्यावर दोन घरांत दोन मुले आहेत. मुलगी जन्मली तेव्हा २.८ किलो होती. तिसरा महिना पुरा झाला तेव्हा ५.२, सहाव्याला ६.५ आणि वर्षाची झाली तेव्हा ७.९ किलो भरली. शेजारचा मुलगा जन्मतः ३.३ आणि तिसऱ्या महिन्यास ६.४ किलो; चांगला गुटगुटीत. पण पाचव्या महिन्यास तो जेमतेम ६.५ भरला. पाचव्या महिन्यात मुलगी सुमारे ६.१ किलो होती. म्हणजे तेव्हाही तो तिच्याहून भारीच. पाहणाऱ्या बायका हळहळतात त्या मुलीसाठी. वास्तविक मुलगी निर्धास्त आहे आणि डॉक्टरांकडे न्यावयाचे आहे ते मुलाला! मुलीची रेषा आलेखावर मधल्या रेषेच्या खालून, पण आपल्या वाटेने अखंड वर चालली आहे. मुलाची रेषा दोन महिने आडवी पडली आहे. एकदा केलेले वजन हा नुसता ठिपका होय. तीन-चार ठिपके जोडल्यावाचून त्याला अर्थ येत नाही.

हा आलेख कोठून आला, हेही जाणण्यासारखे आहे. पूर्वी जगभर वापरला जाणारा आलेख १९७७ साली अमेरिकेत तयार झाला होता, आणि त्यातील तान्ही मुले बहुतांशी बाटलीच्या दुधावर वाढलेली होती. त्यामुळे आईच्या दुधावरचे निरोगी मूल तिसऱ्या-चौथ्या महिन्यानंतर त्या आलेखावर मागे पडलेले दिसे, आणि आईचे दूध पुरत नाही असा निष्कर्ष निघून घरात डबा येई. ही चूक दूर करण्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेने १९९७ ते २००३ या काळात ब्राझील, घाना, भारत, नॉर्वे, ओमान व अमेरिका या सहा देशांतील सुमारे साडेआठ हजार मुलांची मोजमापे घेतली. भारतातील मुले दिल्लीची होती. त्यांतून २००६ मध्ये नवे आलेख सिद्ध झाले, आणि मुलगे व मुली यांचे आलेख अर्थातच निरनिराळे आहेत. आज माता-बाल संरक्षण पत्रिकेत छापलेले असतात ते हेच.

आता काही आकडे ध्यानात ठेवावे. जन्मानंतर पहिल्या तीन-चार दिवसांत वजन घटते. ही घट शेकडा सातपर्यंत सर्वसाधारण समजावी, दहाच्या वर गेली तर ताबडतोब तपासणी करवावी. दोन आठवड्यांच्या आत मूल पुन्हा जन्मवजनावर यावयास पाहिजे. पुढे तीन महिने दिवसाला सुमारे २५ ते ३० ग्रॅम, नंतर सहाव्या महिन्यापर्यंत १५ ते २०, आणि त्यापुढे वर्षापर्यंत सुमारे १० ग्रॅम अशी वाढ असते. वेग आपोआप उतरतो, हे ठाऊक नसल्याने पुष्कळ आया चौथ्या महिन्यात घाबरतात. पहिल्या तिमाहीत वाढ सातत्याने २० ग्रॅमांच्या खाली राहिली तर मात्र कारण शोधलेच पाहिजे. अपुऱ्या दिवसांच्या मुलाचे वय आलेखावर मांडताना ते प्रसूतीच्या अपेक्षित तारखेपासून मोजावे, म्हणजे त्याच्यावर अन्याय होणार नाही.

अलीकडे काही घरांत काटा आणून मुलाला रोज तोलण्याची हौस दिसते. दिवसाची वाढ २५ ग्रॅम. एका वेळचे दूध किंवा एक भिजलेला लंगोट याहून सहज जड! असल्या मापाने रोजची वाढ कशी कळावी? एकाच काट्यावर, उघड्या अंगाने, डॉक्टरांनी सांगितलेल्या अंतराने वजन करावे.

वाढ खरोखरीच मंद आहे असे ठरले, तर पहिली चौकशी दुधाच्या प्रमाणाची नव्हे, तर दूध पिण्याच्या रीतीची करावी. बहुतेक घोटाळा येथेच असतो. मुलाने नुसते स्तनाग्र चोखून भागत नाही; भोवतालच्या काळसर वर्तुळाचा, विशेषतः खालच्या बाजूचा, बराच भाग त्याच्या तोंडात गेला पाहिजे. तोंड मोठे उघडलेले, खालचा ओठ बाहेर वळलेला, हनुवटी स्तनाला टेकलेली, आणि मधूनमधून गिळल्याचा आवाज, ही खूण. आईला सतत वेदना होत असतील तर पकड चुकत आहे असे समजावे. मुंबईच्या आय.आय.टी.तील बालरोगतज्ज्ञ डॉ. रूपल दलाल यांनी या पकडीवरच भर दिला असून, त्या संस्थेतून निघालेल्या शिकवणीच्या चित्रफिती मराठीतही मिळतात. चोवीस तासांत आठ ते बारा वेळा, रात्रीसुद्धा, पाजावे. एक बाजू मोकळी झाल्यावर दुसरी द्यावी, कारण स्निग्धांश शेवटच्या दुधात अधिक असतो. पहिल्या आठवड्यानंतर दिवसाला सहा तरी लंगोट भिजत असतील तर मुलाच्या पोटात दूध जात आहे. सहा महिन्यांपर्यंत पाणी नको, ऐन उन्हाळ्यातही नको, गुटी नको, आणि मध तर वर्षभर नको.

पान्हा हा विहिरीच्या झऱ्यासारखा आहे. उपसा होईल तसा तो भरतो. डब्याचे दूध सुरू केले की मूल आईचे कमी ओढते, म्हणून ते कमी तयार होते, आणि “दूध पुरत नाही” ही भीती स्वतःच स्वतःला खरी करून दाखविते. या डब्यांच्या जाहिरातीस आपल्या देशात १९९२ च्या कायद्याने बंदी आहे, ती उगीच नव्हे. तथापि हट्टही नसावा. मूल सुकत चालले असेल आणि डॉक्टरांनी वरचे दूध सांगितले असेल, तर ते देण्यात आईचा पराभव मुळीच नाही. आधी तिचेच काढलेले दूध वाटी-चमच्याने द्यावे. अशक्त नवजात मुलांसाठी दात्या मातांचे दूध मिळावे म्हणून शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ साली दुग्धपेढी काढली. आशियातील ती पहिली.

पिण्याची रीत नीट असूनही वाढ नसेल, तर आजार शोधावा लागतो. पिताना धाप लागणे, कपाळावर घाम येणे हे हृदयदोषाचे लक्षण असू शकते. मूत्रमार्गाचा जंतुसंसर्ग गुपचूप वजन खातो. मूल सुस्त पडले, दूध ओढीना, लंगोट कोरडे राहू लागले, हिरवी ओकारी झाली, किंवा तीन महिन्यांच्या आतील मुलास ताप आला, तर काट्याची वाट न पाहता त्याच घटकेस रुग्णालय गाठावे.

उलट बाजूचाही विचार हवा. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक व सहकारी यांनी पुण्याजवळच्या सहा खेड्यांतील नवजात मुले मोजली. त्यांचे वजन सरासरी २.७ किलो, तर इंग्लंडातील साउदॅम्प्टनच्या मुलांचे ३.५, परंतु आपल्या मुलांत स्नायू कमी असून त्वचेखालची चरबी मानाने टिकून होती. असे मूल भराभर फुगविले तर भरते ती चरबी, आणि पुढे मधुमेहाची भीती वाढते. सुदृढ बालक स्पर्धेतील परीक्षकांनी हे वाचावयास हरकत नाही.

सहा महिन्यांनंतर मंद वाढीचे कारण बहुधा स्वयंपाकघरात सापडते. वरणाचे पाणी आणि पातळ पेज यांत पाणी पुष्कळ, अन्न थोडे; मुलाचे इवलेसे पोट त्यानेच भरून जाते. चमचा तिरपा केला तरी ओघळू नये इतका दाट मऊ भात-वरण, त्यावर चमचाभर तूप, नाचणीची दाट खीर, कुसकरलेले केळे, आणि खाणाऱ्यांच्या घरी अंडे किंवा काटे काढलेली मासळी, असे दिवसातून दोन-तीन वेळा द्यावे व अंगावरचे दूध चालू ठेवावे. आजारात मूल कमी खाणारच. आजार उतरल्यावर दोन आठवडे रोज एक जादा जेवण द्यावे, म्हणजे गमावलेले वजन भरून येऊ लागते.