कड्यावरचा वारा आणि पंखांची शर्यत

पावसाळ्यात नाणेघाटाच्या तोंडाशी आपण कधी उभे राहिला असाल, तर तेथला उलटा धबधबा आपण पाहिलाच असेल. पाणी खाली पडायचे सोडून फवारा होऊन परत वर येते आणि पाहणाराच चिंब होतो. यात दैवी काही नाही. कोकणातून आलेल्या वाऱ्याला सह्याद्रीची भिंत आडवी येते. पुढे वाट नाही, म्हणून तो भिंतीला धरून वर चढतो. पाणी उचलणारा हा वारा माणसाला उचलील काय? उचलतो, मात्र पंख हवेत.

२४ ऑक्टोबर १९११ रोजी ऑर्व्हिल राइट अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर, किटी हॉकजवळच्या वाळूच्या टेकडीवर, इंजिनाशिवाय ९ मिनिटे ४५ सेकंद हवेत राहिले. हा विक्रम जवळजवळ दहा वर्षे टिकला. पुढे फ्रान्सिस रोगॅलो यांनी पतंगासारखा कापडी पंख शोधला आणि १९६३ साली ऑस्ट्रेलियात जॉन डिकन्सन यांनी त्याखाली माणूस टांगला, समोर धरायला त्रिकोणी दांडा दिला. हाच हँगग्लायडर. उडणारा पोटावर लोंबकळतो आणि अंग जिकडे झुकवील तिकडे पंख वळतो.

आता असा पंख स्थिर हवेत सेकंदाला साधारण एक मीटर खाली येतोच. कड्याशी वारा त्याहून वेगाने वर चढत असेल, तर पंख खाली येता येता वर जातो! वर्गात हे सांगितले की मुले हसतात. पण चढत्या सरकत्या जिन्यावरून सावकाश खाली उतरणारा माणूस शेवटी वरच्या मजल्यावरच पोचतो, तसेच हे.

कॅलिफोर्नियात सॅन दिएगोजवळ टोरी पाइन्स येथे समुद्राला लागून सुमारे शंभर मीटर उंचीचे कडे आहेत. तेथे पॅसिफिकवरून वारा सुटला की पंख कड्याला समांतर येरझारा घालतात. उचलणारा पट्टा मात्र अरुंद. कड्यापासून दूर गेलात तर तो सुटतो. काठाच्या मागे गेलात तर वाऱ्याचे भोवरे खाली आपटतात. मग दहा-वीस जण एकाच पट्ट्यात शर्यत लावतात तेव्हा? नियम सोपा आहे. समोरासमोर आले असता ज्याच्या उजव्या हाताला कडा, त्याने सरळ जावे. त्याला उजवीकडे सरकायला जागाच नसते. दुसऱ्याने समुद्राकडे व्हावे. आणि वळायचे ते नेहमी समुद्राकडे तोंड करून. कड्याकडे वळलात की पाठचा वारा तुम्हाला खडकावर नेऊन घालील.

पण खरी परीक्षा खिंडीपाशी. एखाद्या ओढ्याने कडा फोडलेला असतो. तेवढ्या अंतरात वाऱ्याला चढायला भिंत नाही, म्हणजे उचल नाही. समजा, खिंड सहाशे मीटरांची आहे. सुरुवातीचे पंख चार मीटर पुढे जाताना एक मीटर उंची गमावत. त्यांना दीडशे मीटर उंची खर्ची पडायची. आजचे उत्तम पंख पंधराला एक जातात. त्यांना चाळीस मीटर पुरतात, आडवा वारा धरला तर थोडे अधिक. तेव्हा अलीकडे थांबून उंची कमवावी, तर वेळ जातो. तसेच निघावे, तर पलीकडचा कडा गाठेपर्यंत उंची संपते. हा निर्णय काही क्षणांत, शेजारून प्रतिस्पर्धी पुढे सरकताना करायचा. माझ्या मते शर्यत जिंकली जाते ती इथेच. बाकीचे अंतर नुसते तोंड खाली घालून वेग राखण्याचे.

ज्याचा हिशेब चुकला, त्याला खाली वाळूची पट्टी असली तर ठीक. शर्यत बुडते, एवढेच. लाटांत उतरणे मात्र जिवावरचे. पट्ट्यांनी माणूस पंखाला जखडलेला, कापड पाण्याने जड झालेले, आणि प्रत्येक लाट ते सारे अंगावर उलथवते. तीच वाळू भरतीच्या वेळी पाण्याखाली जाते. म्हणून जाणता उडणारा सकाळी वाऱ्याचा अंदाज पाहतो, तसेच भरती-ओहोटीचे कोष्टकही पाहून ठेवतो.