दोन अंशांचे गाव : क्रिस्टल रिव्हर

अमेरिकेतील फ्लोरिडा राज्याच्या पश्चिम किनाऱ्यावर, टँपा शहराच्या उत्तरेस मोटारीने दीड-दोन तासांवर, क्रिस्टल रिव्हर हे जेमतेम साडेतीन हजार वस्तीचे गाव असून त्याच्या कुशीत शिरलेल्या किंग्ज बे या सुमारे सहाशे एकरांच्या उथळ खाडीच्या तळाशी सत्तरहून अधिक झरे आहेत. या झऱ्यांचे पाणी बाराही महिने साधारण 22 अंश सेल्सियसचे असते. कोकणच्या समुद्रात डुंबण्याची सवय असलेला माणूस या पाण्याला उबदार म्हणणार नाही. परंतु ऊब ही नेहमी कशाच्या तरी तुलनेने ठरते, आणि जानेवारीत मेक्सिकोच्या आखाताचे किनाऱ्यालगतचे पाणी पंधरा-सोळा अंशांपर्यंत उतरते तेव्हा हेच झरे त्या परिसरातील एका अवाढव्य, मंदगती प्राण्याच्या जिवाचा आधार होतात. तो प्राणी म्हणजे मॅनेटी, ज्याच्या कुळाला मराठीत समुद्रगाय म्हणतात, आणि त्याला अगदी जवळून पाहण्यासाठी दर हिवाळ्यात उत्तरेकडच्या बर्फाळ राज्यांतून माणसांची रीघ या गावी लागते.

झऱ्यांच्या या स्थिर तापमानाचे कारण गूढ नाही. फ्लोरिडाच्या पोटात चुनखडकाचा सच्छिद्र थर आहे; पावसाचे पाणी त्यात मुरते, पोकळ्यांतून वाहते आणि दाबामुळे फटींवाटे पुन्हा वर उसळते. जमिनीखाली काही मीटर खोलवर ऋतूंचा चढउतार पोचत नसल्याने त्या पाण्याचे तापमान त्या प्रदेशातील हवेच्या वर्षभराच्या सरासरीइतके राहते. खेड्यातील विहिरीचे पाणी पौषात कोमट आणि वैशाखात गार लागते, त्यामागचेही कारण हेच आहे.

मॅनेटीच्या बाबतीत 20 आणि 22 यांमधले दोन अंश निर्णायक ठरतात. प्रौढ प्राणी सुमारे तीन मीटर लांब आणि चार-पाचशे किलो वजनाचा असला तरी हे आकारमान फसवे आहे, कारण देवमाशासारखे चरबीचे जाड अस्तर त्याच्या कातडीखाली नसते आणि त्याचा चयापचय, म्हणजे अन्नापासून शरीराने ऊर्जा निर्माण करण्याचा वेग, अत्यंत मंद असतो. पाणी 20 अंशांच्या खाली जाऊन बरेच दिवस तसेच राहिले तर तो खाणे सोडतो, कातडीवर व्रण पडतात आणि अखेर तो दगावतो. उन्हाळ्यात किनाऱ्याने दूरवर विखुरलेले हे प्राणी थंडी पडू लागताच झऱ्यांच्या मुखाशी शेकड्यांनी गोळा होतात, तेथे अंगाला अंग लावून निजतात आणि दुपारी हवा तापल्यावर खाडीत चरायला जातात. रोज स्वतःच्या वजनाच्या जवळजवळ दहाव्या हिश्शाइतके गवत त्यांना लागते. झिजलेल्या दाढा पुढून गळतात आणि मागून नव्या सरकत येतात, पुढच्या वल्ह्यासारख्या अवयवांवर नखे असतात, आणि जमिनीवरील त्यांचा जवळचा नातेवाईक गाय नसून हत्ती आहे.

या प्राण्यापर्यंत जाण्याचे सर्वांत सभ्य साधन म्हणून कयाक लोकप्रिय झाली आहे. कयाक म्हणजे एक-दोन माणसांना बसता येईल अशी अरुंद, बुटकी होडी, जी दोन्ही टोकांना पाते असलेल्या एकाच वल्ह्याने हाकली जाते. तिचा जन्म मात्र उबदार पाण्यातला नाही. उत्तर ध्रुवाजवळच्या इन्युइट लोकांनी लाकडाच्या किंवा हाडांच्या सांगाड्यावर सीलचे कातडे ताणून ती बनवली आणि जनावराच्या कानावर न जाता त्याच्याजवळ सरकून भाला मारता यावा एवढाच तिचा हेतू होता. शिकाऱ्यासाठी घडवलेला हा निःशब्दपणा आता प्रेक्षकाच्या कामी येतो आहे. काही व्यावसायिकांनी आरपार दिसणाऱ्या प्लास्टिकच्या कयाकही आणल्या आहेत. त्यांत बसलेला माणूस काचेच्या ताटात वाढून ठेवल्यासारखा दिसतो, पण तळाखालून जाणारी मॅनेटी त्याला मान न वळवता पाहता येते.

पाहण्याची वेळ पहाटेची. हवा पाण्याहून थंड असल्याने खाडीवर वाफेचा पातळ पडदा तरंगत असतो, आणि त्यातून प्रथम दृष्टीस काही पडत नाही, फक्त कानावर पडतो तो नाकपुड्या उघडून श्वास सोडल्याचा ओलसर फुस्स असा आवाज. दर तीन-पाच मिनिटांनी वर येणारी ती राखाडी नाकाडे, माशावर झेप घेणारे पेलिकन, पंख पसरून वाळत बसलेला तिरंदाज पक्षी आणि काठाने उभे ताड असा तो देखावा असतो. वल्हे मारण्यापेक्षा न मारणे हेच येथील खरे कौशल्य मानले जाते. प्राण्याचा पाठलाग करायचा नाही, त्याच्या डोक्यावरून होडी न्यायची नाही, आई आणि पिलू यांच्या मधे यायचे नाही, काही खायला घालायचे नाही, हे नियम सहलीपूर्वीच्या चित्रफितीत बजावले जातात आणि त्रास देणे हा संघराज्याच्या कायद्यानुसार गुन्हा ठरतो.

गावाचा इतिहास थोडक्यात सांगता येतो. नदीकाठी आदिवासींनी उभारलेली शिंपल्यांची आणि मृतांची टेकाडे असून 1903 मध्ये क्लॅरेन्स मूर यांनी त्यांचे उत्खनन केले. मॅनेटीच्या शिकारीला राज्याने 1893 मध्येच बंदी घातली होती, परंतु या प्राण्याकडे जगाचे लक्ष गेले ते डॅनियल हार्टमन या संशोधकाने 1960 च्या दशकाच्या अखेरीस याच खाडीत केलेल्या अभ्यासामुळे आणि त्यापाठोपाठ समुद्रसंशोधक जाक कूस्तो यांनी येथे केलेल्या चित्रपटामुळे. 1983 मध्ये केवळ मॅनेटीच्या रक्षणासाठी येथे राष्ट्रीय अभयारण्य स्थापन झाले आणि 2010 मध्ये थ्री सिस्टर्स हा तीन झऱ्यांचा अतिशय देखणा समूह इमारतींच्या तावडीतून सोडवून सार्वजनिक मालकीत आणला गेला.

कूस्तो यांच्या चित्रपटाच्या नावात विस्मृतीत गेलेल्या जलपऱ्यांचा उल्लेख आहे, आणि या प्रदेशात जलपरी हा विषय थट्टेवारी नेण्याजोगा नाही. जानेवारी 1493 मध्ये कोलंबसाने हिस्पॅनिओला बेटाजवळ तीन जलपऱ्या पाहिल्याची नोंद केली आणि चित्रात रंगवतात तितक्या त्या सुंदर नसल्याची तक्रारही तेथेच केली. त्या मॅनेटीच असाव्यात असे आता मानले जाते, आणि प्राणिशास्त्रज्ञांनी या कुळाला सायरन या पुराणातील जलमोहिनींचेच नाव दिले आहे. क्रिस्टल रिव्हरपासून दक्षिणेला तासाभराच्या आत वीकी वाची हा झरा लागतो, जेथे नौदलात काम केलेल्या न्यूटन पेरी यांनी 1947 मध्ये चुनखडकात पाण्याखालचे छोटे नाट्यगृह खोदून घेतले आणि रबरी नळीतून अधूनमधून हवा घेत पाण्यात हसणे, खाणे, पिणे आणि नाचणे तरुणींना शिकवले. सुरुवातीला महामार्गावर वाहने इतकी तुरळक होती की मोटारीचा आवाज येताच जलपऱ्या रस्त्याकडे धावत आणि प्रवाशाला हाताने बोलावून आणत, असे सांगतात. पुढे चारशे आसनांचे प्रेक्षागृह झाले. 1971 मध्ये डिस्ने वर्ल्ड उघडले तेव्हा गर्दी तिकडे वळली, आणि 2008 मध्ये राज्याने ते स्थळ उद्यान म्हणून ताब्यात घेतले. डझनभर रहिवाशांच्या वीकी वाची या ‘शहरा’त, ते 2020 मध्ये बरखास्त होण्यापूर्वी, महापौरपदी एक माजी जलपरी होती. कृत्रिम शेपटीच्या या जलपऱ्यांचे प्रयोग आजही त्याच 23 अंशांच्या झऱ्यात होतात, आणि हिवाळ्यात एखादी खरी मॅनेटी मधूनच रंगमंचावर येते तेव्हा प्रेक्षक नेमके कोणाकडे पाहतात हे वेगळे सांगायला नको.

क्रिस्टल रिव्हरचे नाव मात्र आता पाण्याला पूर्वीइतके शोभत नाही. मार्च 1993 च्या प्रचंड वादळाने खारे पाणी आत लोटले, तळाचे गवत मेले, आणि हिरवळीच्या खतांतून व सांडपाण्याच्या टाक्यांतून झिरपणाऱ्या नायट्रेटवर पोसलेल्या लिंगबिया या केसाळ शेवाळाने त्याची जागा घेतली. अलीकडच्या वर्षांत तेथील स्थानिक संस्थेने तळातील शेवाळाचा गाळ शोषून काढून व्हॅलिस्नेरियाची रोपे हातांनी लावायला सुरुवात केली. पाण्यामार्फत होणाऱ्या परागीभवनाचे उदाहरण म्हणून शाळेच्या पुस्तकात भेटणारी हीच ती वनस्पती. जेथे ती रुजली आहे तेथे पाणी पुन्हा तळापर्यंत दिसू लागले आहे. गवत गेले तर काय होते हे राज्याच्या पूर्व किनाऱ्याने 2021 मध्ये दाखवून दिले : इंडियन रिव्हर या खाजणातील समुद्रगवत नष्ट झाल्याने उपासमार झाली, त्या वर्षी फ्लोरिडात सुमारे अकराशे मॅनेटी मेल्या, आणि नंतरच्या हिवाळ्यात सरकारला त्यांना टनावारी लेट्यूसचा पाला टाकावा लागला. राज्यातील एकूण संख्या 2021-22 च्या पाहणीत साधारण 8,350 ते 11,730 या दरम्यान अंदाजली गेली. त्यांतील निम्म्याहून अधिक प्राणी थंडीत झऱ्यांवर नव्हे, तर वीजकेंद्रांतून सोडलेल्या गरम पाण्यावर विसंबून असतात, ही गोष्ट सहलीच्या जाहिरातींत सहसा आढळत नाही. जुनी केंद्रे एकेक करून बंद होतील तशी झऱ्यांवर दाटी वाढणार आहे.

दाटी माणसांचीही आहे. कयाकला पंखा नसतो हे खरे, आणि मोटारबोटींच्या पंख्यांनी मॅनेटींच्या पाठीवर इतके व्रण कोरले आहेत की संशोधक एकेका प्राण्याला त्याच्या वळांवरूनच ओळखतात, हेही खरे. परंतु पन्नास निःशब्द होड्यांनी वेढलेल्या प्राण्याची झोप मोडायची ती मोडतेच. भारतातील मॅनेटीची भाऊबंद ड्युगाँग मन्नारच्या आखातात, पाल्कच्या सामुद्रधुनीत, कच्छच्या आखातात आणि अंदमानात आढळते. तिच्यासाठी तमिळनाडूने 2022 मध्ये पाल्कच्या उपसागरात 448 चौरस किलोमीटरचे राखीव क्षेत्र केले. ती झऱ्यांवर गोळा होत नसल्याने या गर्दीपासून वाचली आहे, एवढेच तिचे सुदैव.

अमेरिकेतील आप्तांकडे जाणाऱ्या मराठी प्रवाशांनी ऑरलँडोच्या करमणूकनगरीतून एक दिवस काढून येथे यायचे ठरवल्यास कडाक्याच्या थंडीची सकाळ निवडावी आणि थ्री सिस्टर्सच्या काठाने बांधलेल्या लाकडी पायवाटेवरून पाहण्याची तयारी ठेवावी. 15 नोव्हेंबर ते 31 मार्च या काळात त्या झऱ्यांत कोणत्याही होडीला प्रवेश नाही. 1 एप्रिलला कयाकना आत जाता येते. तोवर बहुतेक मॅनेटी आखाताकडे निघून गेलेल्या असतात.