शेतातली हाडे काय सांगतात?

अमरावती जिल्ह्यातील चांदूर बाजार तालुक्यात फुपगाव येथे 2018-19 मध्ये भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाने उत्खनन केले आणि सुमारे 2500 वर्षांपूर्वीची लोहयुगातील वस्ती उजेडात आली. लोहयुगातील दफने मात्र नागपूरकडे अधिक सापडतात. एकट्या जुनापाणीला सुमारे 300 शिळावर्तुळे आहेत. अशा वर्तुळात बाहेर मोठ्या दगडांचे कडे, मध्ये माती-गोट्यांचा उंचवटा आणि त्याखाली हाडे, मडकी, लोखंडी अवजारे असतात.

डॉक्टरांच्या दृष्टीने ही हाडे म्हणजे जुना केसपेपरच. कमरेच्या हाडावरून स्त्री की पुरुष हे कळते, दातांच्या झिजेवरून वयाचा अंदाज येतो. बालपणी उपासमार किंवा मोठे आजारपण झाले असेल, तर दातांच्या कवचावर आडव्या रेषा उमटतात. त्या पुढे भरून येत नाहीत.

पण आपली काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. त्यात हाडे पिचतात आणि उरलेले काम नांगर करतो. शेतात असे कडे किंवा जुनी हाडे दिसली, तर उपसू नका, धुऊ नका. तहसील कार्यालयाला कळवा. हाड जागेवरून हलले की त्याची निम्मी माहिती गेलीच म्हणून समजा.