सरकलेला मणका आणि पुढची वर्षं

श्रोतेहो, बारामती-इंदापूरच्या ऊसपट्ट्यात मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून गाडीत चढणाऱ्याची कंबर धरली, की घरात प्रश्न निघतो : मणका सरकलाय म्हणतात, ऑपरेशन करावं का?

या ऑपरेशनात सरकलेला मणका शेजारच्या मणक्याशी हाडाचे तुकडे घालून सांधतात. हल्ली बहुधा स्क्रूंचाही आधार देतात. स्वीडनमध्ये अशा १११ रोग्यांची पाहणी झाली. दोन वर्षांनी, व्यायाम करणाऱ्यांपेक्षा ऑपरेशन झालेले सरस ठरले. सरासरी नऊ वर्षांनी मात्र, २००५ सालच्या अहवालानुसार, हा फरक कमी झाला होता. तरी ‘आता बरं आहे’ म्हणणारे ऑपरेशनवाल्यांतच अधिक होते.

आणखी एक ध्यानात घ्या. साखळीच्या दोन कड्या डाग देऊन जोडल्या, तर वाकण्याचा ताण शेजारच्या कड्यांवर येतो. मणक्यांचंही तसंच, वर्षांमागून शेजारचे सांधे झिजू शकतात.

तेव्हा आधी डॉक्टरांच्या सल्ल्यानं काही महिने व्यायाम करावा. पण पायातली शक्ती जाऊ लागली, लघवी-शौचाचा ताबा सुटला, तर एक दिवसही थांबू नये. ऑपरेशन ठरलं तर विडी सोडावी. धुरानं हाड नीट जुळत नाही. आणि शिक्षकहो, एवढं घरोघर सांगा : मोळी पुन्हा केव्हा उचलायची, हे मुकादमाच्या उचलीनं नव्हे, डॉक्टरांनी ठरवायचं असतं.