निवात समुद्रावरील कसोटी

दरवर्षी ५ एप्रिलला आपण राष्ट्रीय सागरी दिन पाळतो. १९१९ साली याच दिवशी सिंदिया कंपनीची ‘लॉयल्टी’ ही आगबोट मुंबईहून लंडनला निघाली. समुद्रापासून शेकडो मैल दूर असलेल्या ग्वाल्हेरच्या शिंदे महाराजांकडून कंपनीने ती विकत घेतली होती. पहिल्या महायुद्धात तीच बोट रुग्णनौका म्हणून कामी आली होती. परकीय कंपन्यांच्या मक्तेदारीला मिळालेले हे आव्हान अभिमानास्पदच होय. मात्र आगबोटीने माणसाला वाऱ्याच्या ताबेदारीतून सोडविले, तशी वाऱ्याची वाट पाहण्याची जुनी विद्याही हळूहळू विस्मरणात गेली.

ती विद्या पुन्हा उपयोगी पडली ‘म्हादेई’ या छप्पन्न फुटी शिडाच्या नौकेवर. गोव्यातील दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकर यांच्या कारखान्यात ती बांधली गेली. नौदलाचे कमांडर दिलीप दोंदे ऑगस्ट २००९ मध्ये मुंबईहून तिच्यावर एकटेच निघाले आणि मे २०१० मध्ये पृथ्वीप्रदक्षिणा पुरी करून परतले. शिडाच्या नौकेतून एकट्याने हा पराक्रम करणारे ते पहिले भारतीय. अशा प्रदक्षिणेत इंजिनाच्या बळावर नौका पुढे नेता येत नाही आणि विषुववृत्त दोनदा ओलांडावे लागते. तेथे दोन्ही गोलार्धांतील व्यापारी वारे एकमेकांना भेटतात, तापलेली हवा वर चढते आणि पाण्यालगतचा वारा पडतो.

वादळाच्या कथा सर्वांना ठाऊक असतात; वारा पडल्याची कथा कोणी सांगत नाही. वास्तविक तो काळ फार कठीण. समुद्र तेलासारखा गुळगुळीत दिसतो, पण दूरवरून येणाऱ्या लाटांचे हेलकावे थांबत नाहीत. शिडांत वारा नसल्याने नौकेला तोल राहत नाही. ती या कुशीवरून त्या कुशीवर लोळते. शिडे फडफडून झिजतात, दोर घासतात. खालची खोली भट्टीसारखी तापते. मध्येच काळा ढग येतो, क्षणभर झोडपून जातो आणि पुन्हा सारे स्तब्ध होते. झुळूक चुकू नये म्हणून रात्री-अपरात्री उठावे लागते. दिवस सरतात, अंतर सरत नाही. शिधा आणि पाणी मात्र सरत राहते.

याच ‘म्हादेई’वरून अभिलाष टॉमी यांनी नोव्हेंबर २०१२ ते मार्च २०१३ या काळात कोठेही न थांबता प्रदक्षिणा केली. परतीच्या प्रवासात त्यांच्या पिण्याच्या पाण्यात डिझेल मिसळले, तेव्हा पावसाचे पाणी साठवून तहान भागवावी लागली. पुढे ‘तारिणी’वर वर्तिका जोशी यांच्या नेतृत्वाखाली सहा महिला अधिकाऱ्यांनी २०१७-१८ मध्ये, आणि दिलना व रूपा या दोघींनी २०२४-२५ मध्ये हीच वाट आक्रमिली. अशा वेळी एकट्याला स्वतःशी जमवून घ्यावे लागते, तर अनेकांना एकमेकांशी. चिडचिडीचा एक शब्दही छोट्या नौकेत फार मोठा होतो.

नारळी पौर्णिमेला आपण दर्याला शांत होण्याची प्रार्थना करतो. आपल्या पूर्वजांना त्या शांततेची दुसरी बाजूही ठाऊक होती. होड्यांना यंत्रे बसली, शिडे उतरली आणि वारा ओळखणारी नजर पिढीगणिक मंदावली. यंत्राचा त्याग करावा असे कोणी म्हणणार नाही. परंतु किनाऱ्यावरील प्रत्येक तालुक्यात निदान एका शाळेपाशी शिडाची होडी आणि ती शिकविणारा जुना जाणता तांडेल असावा, ही अपेक्षा अवास्तव नाही. वादळात धैर्य लागते हे मुलांना पुस्तकांतून कळते. हाताशी करण्याजोगे फारसे काही उरले नसताना सावध राहणे, पाणी मोजून पिणे आणि सोबत्याशी गोड बोलणे, हे मात्र त्यांना वारा पडलेला समुद्रच शिकवू शकेल.